कोरडं चालते

बस पंक्चर झाली म्हणून मी तो बाजार पाहिला. भंडाऱ्याहून पवनीकडे निघालो होतो, पिशवीत सभेची पत्रकं. कोंढ्याच्या अलीकडच्या एका गावात ड्रायव्हर उतरला आणि म्हणाला, आता बसा निवांत. समोर आठवडी बाजार भरलेला. पत्रकं लिहून लिहून तेव्हा माझी जीभ तिखट झाली होती. म्हटलं, गर्दी आयती मिळाली.

लोकांनी पत्रकं लगेच घेतली. एकीनं त्यात लसूण बांधला, एकानं मान पुसली. ‘अन्यायाविरुद्ध एक व्हा’ हे माझंच वाक्य चिवड्याखाली तेलकट होताना मी पाहिलं.

लिंबाच्या सावलीत भाजीवाल्या बायकांची रांग होती. प्रत्येकीजवळ पाण्याचा गडू. थोड्या थोड्या वेळानं ओंजळभर पाणी भाजीवर मारायचं, की माल पुन्हा ताजा. रांगेच्या टोकाला, सावली संपते त्याच्याही पलीकडे, एक बाई उन्हात बसली होती. टोपल्यात नुसता सांभार, पुण्याकडे ज्याला कोथिंबीर म्हणतात. जुड्या माना टाकून पडलेल्या आणि जवळ पाण्याचा थेंब नाही. मी विचारलं, शिंपडत का नाही?

तिनं मला वरून खालून पाहिलं.

“आमच्या हातचं कोरडं चालते, बाबू. ओलं नाही चालत.”

ती बौद्ध होती. तिच्या घरानं धर्म बदलून वीसेक वर्षं झाली होती. गावानं मात्र तिला जुन्याच जागी बसवून ठेवलं होतं. पाण्यातून विटाळ जातो, असं या गावाचं शास्त्र. तिची वाळली मिरची यांच्या घरात जाते, भिजला सांभार जात नाही. म्हणून भर वैशाखात तिनं हिरवी भाजी कोरडी विकायची. आणि गिऱ्हाइकं काय करत? दुपार व्हायची वाट पाहत. सांभार पुरता मेला की फुकटात उचलत. धर्म राखला आणि खिसाही राखला. याला मी तेव्हा चोरी म्हणालो, आजही चोरीच म्हणतो.

त्या टोपल्यातूनच तिचं आठवड्याचं तेल-मीठ निघायचं होतं. तेलाची रिकामी बाटली तिनं मांडीशी धरून ठेवली होती.

तेवढ्यात एक पाटील आले. सुटलेलं पोट, पांढरं धोतर, हातात वांग्यांची उघडी पिशवी. त्यांनी अख्खं टोपलं कवडीमोलानं मागितलं. बाई नाही म्हणाली. पुन्हा मागितलं, ती पुन्हा नाही म्हणाली. मग ते शांतपणे शेजारच्या टमाटेवालीकडे गेले, तिचा गडू उचलला आणि बाईच्या टोपल्यावर रिता केला. रागानं नव्हे. तुळशीला पाणी घालावं तसं.

“आता कोण घेते पाहू. माह्या बैलाले ओलं चालते.”

रांग पदराआड हसली. मी कायद्याचं बोललो, तर टमाटेवाली म्हणाली की कायदा तिकडे भंडाऱ्याले, कचेरीत असते. मी बाईला म्हटलं, सगळं मी घेतो.

“नेऊन कुठं फेकशील? आन पुढच्या बाजाराले येशील का?”

मग ती उठली. दोन्ही हातांत ओल्या जुड्या घेतल्या आणि झटकत झटकत रांगेतून चालत गेली. टमाट्यांवर थेंब, भेंड्यांवर थेंब, पाटलांच्या पिशवीतल्या वांग्यांवर थेंब. टोकापर्यंत गेली आणि परत येतानाही झटकतच आली.

भाव थांबले. मला आनंद झाला. म्हटलं, फेका आता. तुमच्याच शास्त्राप्रमाणं ही सगळी रांग उकिरड्यावर गेली पाहिजे. टमाटेवालीनं पाटलांकडे पाहिलं, पाटलांनी पिशवीकडे. वांगी चांगली होती.

“काही नाही पडलं,” पाटील म्हणाले.

“कुठं का पडलं?” टमाटेवाली म्हणाली आणि पदरानं टमाटे पुसू लागली.

“पडलं,” बाई म्हणाली. “आज रातच्याले माह्याच हातचं पाणी शिजन तुमच्या घरी.”

कुणालाच ऐकू आलं नाही. पुन्हा भाव सुरू झाले. ते टमाटे, त्या भेंड्या माझ्या डोळ्यांसमोर विकल्या गेल्या. अख्ख्या बाजारात ओला राहिला तो तिचाच सांभार. उन्हानं तो वाळला, तरी ओलाच राहिला.

शेवटी तिनं टोपलं एका मोकाट गाईपुढे पालथं केलं. पाटलांच्या बैलाला एक काडी जाऊ दिली नाही. रिकामी बाटली टोपल्यात ठेवून ती निघाली, तेव्हा टमाटेवालीनं रांगेच्या वतीनं तिला ऐकवलं, “पुढच्या बाजारापासून तू बोडीच्या पाळीवर बसत जाय.”

बोडी म्हणजे गावाबाहेरचं तळं, पाळ म्हणजे त्याचा बांध. तिथं गिऱ्हाईक फिरकत नाही.

मी विचारलं, काहीच पडलं नाही, तर हिला काहून हलवता?

“इथं जागा पुरत नाही,” ती म्हणाली, आणि बाईच्या मोकळ्या झालेल्या जागेवर तिनं आपला गडू ठेवला.