चौदा दिवसांचा कोर्स

आमची कंपनी बैहरच्या पुढे जंगलात मुक्कामाला गेली तेव्हा पावसाळा संपत आला होता. ही वीस-बावीस वर्षांपूर्वीची गोष्ट. एका बंद शाळेच्या दोन खोल्या, मागे तंबू, चारही बाजूंना वाळूच्या पोत्यांचे मोर्चे आणि काटेरी तार. खालून नाला वाहायचा. मी कंपनीचा मेडिक होतो, हुद्दा हवालदार. घर भरवेलीला, वडील खाणीत कामाला. नोकरीत पहिल्यांदाच घरापासून एका बसच्या अंतरावर पोस्टिंग मिळालं होतं. सुटी मात्र काश्मीरला असताना मिळायची तितकीच मिळायची.

नाईक दिलीप टेंभरे माझ्या शेजारच्या खाटेवर झोपायचा. तिरोडीजवळच्या एका खेड्यातला, धानाची शेती असलेल्या घरातला. कंपनीत आम्ही दोघेच मराठी बोलणारे, त्यामुळे आमचं बोलणं सुरू झालं की बाकीचे म्हणायचे, लो, इनका रेडिओ चालू हो गया.

दिलीपची एक खोड होती. सरकारी मच्छरदाणी घेऊन तो नाल्यावर जायचा आणि तिने मासे धरायचा.

"अरे, ती मच्छरांसाठी आहे," मी म्हणायचो.

"मच्छर मले चावते, मासोळी मी खातो. हिशेब बरोबर."

"मलेरिया झाला म्हणजे समजेल तुले."

"तू हाय ना, डॉक्टर. मंग तुले सरकारनं काहून ठेवलं?"

मी रागवायचो आणि रात्री त्याच मासोळीचा रस्सा दोन वाट्या प्यायचो. त्याच्या हाताला चव होती. जवस कुटून घालायचा, कांदा चुलीत भाजायचा. आमचे सुभेदार साहेब राजस्थानचे, जन्माचे शाकाहारी. ते लांब बसून फक्त वास घ्यायचे आणि म्हणायचे, "टेंभरे, रिटायर होके ढाबा खोलना. मैं दाल खाने आऊंगा."

दिवस एका साच्यातले होते. पहाटे स्टँड-टू, सगळे हत्यारं घेऊन मोर्च्यांवर. मग रोड ओपनिंग, म्हणजे गाडी निघण्याआधी रस्त्यात नक्षल्यांनी सुरुंग पेरलेत का हे पायी चालत तपासणं. मग गस्त, कधी रात्रभर दबा धरून अँबुश. संध्याकाळी रोल कॉल आणि त्यानंतर माझी दवाई परेड. ज्यांना मलेरिया झाला असेल त्यांनी माझ्यासमोर रांगेत उभं राहायचं. गोळी जिभेवर, मगभर पाणी, गिळायचं, तोंड उघडायचं, जीभ वर करायची. मी बॅटरीने पाहायचो. मगच पुढचा. जवान कडू औषध टाळतात, म्हणून ही पद्धत होती. बहुतेक कंपन्यांत असते.

मलेरियाबद्दल थोडं सांगायला हवं. त्या जंगलात दोन जातींचा मलेरिया होता. एक लवकर मेंदूपर्यंत जातो आणि मारतो. दुसरा सौम्य म्हणतात, पण तो चिवट. त्याचे जंतू रक्तातून तीन दिवसांच्या औषधाने जातात, ताप उतरतो, माणूस ठणठणीत होतो. पण काही जंतू यकृतात शिरून निपचित पडलेले असतात. तेव्हा ताप नसतो, दुखणं नसतं, सूक्ष्मदर्शकाखाली रक्ताच्या काचेवरही काही दिसत नाही. महिन्याने, सहा महिन्यांनी, कधी त्याहून उशिरा ते उठतात आणि पुन्हा रक्तात येतात. नवा डास चावावा लागत नाही. यकृतातल्या या जंतूंपर्यंत पोचणारं एकच जुनं औषध आमच्याकडे होतं. प्रायमाक्विन. रोज एक, चौदा दिवस.

मी हे कंपनीला समजावलं तेव्हा दिलीप मागून म्हणाला, "म्हणजे अँबुश लावून बसला म्हण ना लेकाचा."

सगळे हसले. मीही हसलो. त्याहून चांगलं मला पुढे कोणत्याही कोर्समध्ये कुणी समजावलं नाही.

ऑक्टोबरात दिलीपला तोच मलेरिया झाला. ताप उतरला आणि प्रायमाक्विन सुरू केलं. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून तो सुस्त दिसू लागला. म्हणाला, "ह्या गोळ्यांनं मी खचून राह्यलो, यार." मी म्हणालो, ताप येऊन गेल्यावर होतं असं. नंतर आठवड्यात तो ताजातवाना झाला, नाल्यावर जाऊ लागला. मला वाटलं, कोर्स लागू पडला.

डिसेंबरात त्यांची पार्टी एका टेकडीवर अँबुशला गेली. मध्येच दिलीपला हुडहुडी भरली. दात इतके वाजू लागले की शेजारच्या जवानाने त्याच्या तोंडात गमछा कोंबला. पार्टी उठवून परत यावं लागलं. काही अघटित घडलं नाही, पण घडू शकलं असतं. काच पाहिली. तोच मलेरिया, परत उठलेला.

मी त्याला बाजूला घेतलं. "खरं सांग. गोळ्या खाल्ल्या होत्या?"

"चार खाल्ल्या. बाकीच्या गालात धरून थुंकल्या."

"काहून?"

"सांगतलं ना तुले, खचतो म्हणून. त्या खाल्ल्या का पाय उचलत नाही. सोडल्या का बरा होतो."

मला फार लागलं. दहा दिवस माझ्या बॅटरीच्या उजेडात त्याने मला फसवलं होतं. मित्र असून. सुभेदार साहेबांनी बोलावलं. "रामटेके, दस आदमी की जान खतरे में आई. इस बार चौदह की चौदह. आपकी जिम्मेदारी."

"जी साहब."

या वेळी मी परेडच्या भरवशावर राहिलो नाही. दिलीपला वेगळा बोलवायचो. गोळी मी स्वतः त्याच्या जिभेवर ठेवायचो, गालात बोट फिरवायचो आणि पाच मिनिटं समोर बसवायचो. तो बिनतक्रार बसायचा. "घरवालीनंही एवढी चौकशी नाही केली कधी," म्हणायचा.

तिसऱ्या दिवशी तो मला मुतारीकडे घेऊन गेला. "डॉक्टर, पाह्य बरं. काळ्या चहावाणी होऊन राह्यली."

मी पाहिलं. खरंच गडद होती. मी म्हणालो, "पाणी कमी पितोस. दिवसभर गस्तीत असतोस."

"पाणी तर पेतो मी."

"अजून पी."

चौथ्या दिवशी तो पुन्हा म्हणाला. या वेळी मी पाहायलाही गेलो नाही. मला वाटलं, मागच्या वेळी गालात धरल्या, आता हे नवीन निमित्त. माझ्या ट्रेनिंगच्या पुस्तकात एक ओळ होती. लघवी गडद झाली तर हे औषध ताबडतोब थांबवावं आणि पेशंट डॉक्टरकडे पाठवावा. ती ओळ मी वाचलेली होती. पाठ होती. पण ती मला दुसऱ्या कुणाची वाटत होती, दिलीपची नाही. दिलीप माझ्यासाठी गोळ्या चुकवणारा माणूस झाला होता.

मी म्हणालो, "नाटक करू नको. तोंड उघड."

त्याने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि तोंड उघडलं.

पाचव्या दिवशी सकाळी फॉल-इनच्या रांगेत तो गुडघ्यावर बसला. डोळे पिवळे, ओठ पांढरे. चार पावलं चालला तरी धाप. मी सुभेदार साहेबांकडे पळालो. ऑपरेटरने वायरलेस सेटवर हेडक्वार्टर लावलं.

"पलाश वन, पलाश वन, फॉर पलाश फोर. एक पेशंट सीरियस. गाड़ी चाहिए. ओवर."

"पलाश फोर, आपका रोड ओपन है? ओवर."

"निगेटिव. ओवर."

"रोड खुलने तक वेट करो. ओवर."

सुभेदार साहेबांनी सेट हातात घेतला. "पलाश वन, पेशंट पैदल आ रहा है. गाड़ी पक्की सड़क पर मिले. आउट."

पक्की सडक सात किलोमीटर होती. खाटेला दोन बांबू बांधले. पुढे सुरुंग शोधणारे, मागे कव्हर, मध्ये आम्ही चौघे खाट घेऊन. रस्ता सोडून जंगलातून चाललो. सागाची पानं पायाखाली इतकी वाजत होती की सुभेदार साहेब सारखे हात वर करून थांबवायचे आणि कान देऊन ऐकायचे. खांदे बदलायला एकदा खाट खाली ठेवली तेव्हा दिलीपने माझी बाही ओढली.

"पाह्य, या टाइमले एकही नाही चुकवली म्या."

"हौ," मी म्हणालो. "बोलू नको. दम लागतो."

एवढंच मी त्याच्याशी शेवटचं बोललो. बालाघाटला पोचेपर्यंत तो गुंगीत गेला. तिथून मोठ्या दवाखान्यात हलवला. रक्त दिलं. किडनी बंद पडली होती. दुसऱ्या दिवशी दुपारी तो गेला.

तिथल्या डॉक्टरने मला व्हरांड्यात बोलावलं. काही लोकांच्या रक्तात जन्मतःच एक एन्झाइम कमी असतं, त्याने सांगितलं. एरवी त्यांना काही त्रास नसतो. पण हे औषध घेतलं की लाल पेशी फुटत जातात. आठवड्यात माणसाचं निम्मं रक्त जातं. त्या काळी ही तपासणी नागपूरसारख्या शहरात व्हायची, जंगलातल्या कॅम्पात नाही.

"तुम्हें पता नहीं हो सकता था," तो म्हणाला. "लेकिन पेशाब का रंग? बताया नहीं उसने?"

"नहीं सर," मी म्हणालो.

ऑफिसने विचारलं, पेशंट औषध नियमित घेत होता का. मी म्हणालो, गोळ्या चुकवल्या होत्या. ऑक्टोबरपुरतं ते खरं होतं. पुढचं कुणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

गावाला पार्थिव घेऊन मीच गेलो. निर्मला वहिनींच्या मांडीवर आरती होती, वर्षाचीही नसेल. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, मलेरियानं कोणी मरते का जी?"

मी म्हणालो, "गोळ्या पूर्ण केल्या नाहीत त्याने, वहिनी."

मी रिटायर होऊन भरवेलीला राहतो. शिकलेलं काम सुटत नाही, म्हणून गावोगावच्या तापाच्या कॅम्पांत मदतीला जातो. आता ते एन्झाइम तपासायला हातात मावणारं मशीन आलं आहे. बोटातून एक थेंब रक्त आणि काही मिनिटांत आकडा. चौदा दिवसांऐवजी एकाच डोसाचं नवं औषधही निघालं आहे, पण ज्यांचं एन्झाइम पुरेसं आहे त्यांनाच ते देता येतं. दिलीपसारख्यांसाठी अजून शोध चालूच आहे. यकृतातल्या जंतूला गाठायचं आणि रक्ताला धक्का लावायचा नाही, असं औषध कुणाच्या हाती आलेलं नाही.

अशा कॅम्पांतच मला आणखी एक गोष्ट कळली होती. ही कमतरता बापाकडून मुलीकडे जाते. काही मुलींना कमी त्रास होतो, काहींना बापाइतकाच. हे कळूनही मी टेंभऱ्यांच्या घरी गेलो नव्हतो.

आरती पोलिसात भरती झाली. गेल्या वर्षी तिची ड्यूटी बैहरकडच्या एका चौकीत लागली. बापाच्याच जंगलात. अधूनमधून फोन करते. सप्टेंबरात फोन आला.

"काका, मुझे भी हो गया. तोच मलेरिया, पापावाला."

"गोळ्या कोणत्या दिल्या?"

"तीच, चौदा दिनवाली. आज दुसरी खाल्ली. टेंशन नका घेऊ काका, मी एकपण नाही छोडणार. पापानं छोडल्या म्हणून तर..."

"तपासणी केली? एन्झाइमची?"

"किट खतम हाय म्हणे. पुढच्या हप्त्यात येईल."

"आजची झाली ना? उद्याची खाऊ नको. मी येतो."

"काहून?"

"येतो म्हटलं ना."

एका ओळखीच्या कॅम्पवाल्याकडून मशीन मागून घेतलं आणि सकाळीच मोटरसायकल काढली. ती चौकीबाहेर युनिफॉर्ममध्ये उभी होती. बापाची उंची, बापाचंच कपाळ. मी आधी तिला लघवीचा रंग विचारला. ती लाजली, मग म्हणाली, काल रात्रीपासून थोडी डार्क आहे. मी बोट टोचलं. आकडा कमी आला. निम्म्याच्याही खाली.

मग मी तिला सगळं सांगितलं. गालात फिरवलेलं बोट, काळा चहा, "नाटक करू नको." उभ्याउभ्याच सांगितलं, रिपोर्ट दिल्यासारखं. मला दुसरं येत नाही.

तिने टोचलेलं बोट पँटला पुसलं.

"म्हणजे पापानं खाल्ल्या होत्या."

"हौ."

"पूर्ण?"

"मी दिल्या तेवढ्या सगळ्या."

"मम्मीले मालूम?"

"नाही."

"मग तिले तुम्हीच सांगा. मी नाही सांगणार." मग म्हणाली, "अब मैं क्या खाऊं, वो बताइए."

त्या दिवसापासून ती मला काका म्हणत नाही. मी तिच्या साहेबांशी बोललो आणि तिला डॉक्टरकडे नेलं. त्यांनी रोजची गोळी बंद केली. रक्त सावरल्यावर तीच गोळी आठवड्यातून एकदा, आठ आठवडे, दर वेळी रक्त तपासून, असा कोर्स दिला. तो तिने नीट पूर्ण केला. ताप परत आलेला नाही. अजून वर्षभर तरी लक्ष ठेवावं लागेल.

वहिनींकडे मी त्याच आठवड्यात गेलो. धान निसवत होतं. त्यांनी ओसरीवर चटई टाकली, पाणी आणलं. मी पाण्याला हात न लावता सांगितलं. मला वाटलं होतं, मारतील, शिव्या देतील, गाव गोळा करतील.

शेवटी म्हणाल्या, "बावीस वर्षं मी त्यायले रोज बोल लावला. उदबत्ती लावताना. लेकराचं तोंड पाहून तरी चार गोळ्या खाल्ल्या असत्या, म्हणे मी. रोज, भाऊजी."

त्यांनी पाण्याचा तांब्या उचलला.

"तुम्ही आता जा," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

मी अंगणात चपला घालत होतो. दाराच्या फटीतून दिलीपचा युनिफॉर्ममधला फोटो दिसत होता, त्याच्यापुढे त्या उभ्या होत्या. पदराने त्यांनी काच पुसली. मग हळू आवाजात त्याच्याशी बोलू लागल्या. शब्द ऐकू येत नव्हते. मी गाडी ढकलत वेशीपर्यंत नेली आणि तिथे जाऊन सुरू केली.