रोज अर्धा तास चाला, असं मीच लिहिलं होतं

जेद्दा, २०१४. मंडळी, आज मला माझाच राग आलाय.

इथल्या शराफिया भागातल्या एका हॉलमध्ये आज आपल्या बायकांना मधुमेहाची माहिती द्यायची होती. इंग्रजी पत्रकाचं मराठी मी केलं होतं. ओट्स काढून नाचणीची भाकरी घातली, सॅमन काढून बांगडा घातला. सगळं कसं आपलं वाटतंय म्हणून मी खूश होते.

"रोज सकाळी अर्धा तास मोकळ्या हवेत चाला," मी वाचलं.

रत्नागिरीकडच्या झुबेदाभाभींनी हात वर केला. "ताई, तुम्ही कुठं चालता?"

 चार वर्षं झाली जेद्दाला येऊन, एकटीनं रस्त्यावर पाऊल टाकलेलं नाही. सौदीत बायकांना गाडी चालवायची परवानगी नाही, आणि "एकटी निघू नकोस" हे ह्यांचं रोजचंच.

भाभी म्हणाल्या, "मी गॅसपासून दारापर्यंत चालते. दार आलं की मागं फिरते."

मी पत्रकातल्या त्या ओळीखाली रेघ मारली.

कार्यक्रम संपल्यावर आम्ही सगळ्या अंगभर काळ्या अबाया घालून पुन्हा खुर्च्यांवर बसलो, नवऱ्यांच्या गाड्यांची वाट बघत. हॉलच्या खिडकीतून माझी बाल्कनी दिसत होती. दोरीवरचा ह्यांचा निळा शर्टसुद्धा ओळखू येत होता.

ह्यांना यायला पाऊण तास लागला. तेवढा वेळ मी तो शर्ट बघत बसले.

बायांनो, खरं सांगा, तुम्ही कुठं चालता? मला पत्रकातली ती ओळ बदलायचीय, आणि तिथं काय लिहावं ते सुचत नाहीये.