पवनानगरला पोहोचायला झालेला उशीर

सकाळच्या लोणावळा लोकलमध्ये बसले तेव्हा उपवासकाळ (ईस्टरआधीचे चाळीस दिवस) सुरू होता. मागच्या रविवारी मी आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांना एकोणतीस वर्षांपूर्वीची एक गोष्ट सांगितली होती. देवाकडे तिची क्षमा मी कितीदा तरी मागितली होती. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "त्या मुलीकडे मागितलीत का?" म्हणून हा प्रवास.

तेव्हा मी लोणावळ्याच्या एका शाळेत भूगोल शिकवत असे. एका दुपारी सहावीच्या वर्गातला महाराष्ट्राचा नकाशा मधोमध फाटलेला दिसला. जवळ संगीता उभी होती. पवनानगरजवळच्या वाडीतून मावशीकडे राहून शिकणारी, अबोल मुलगी. काहीही न विचारता मी तिच्या डाव्या कानाखाली मारली. त्या कानाने तिला पुढे ऐकू येईनासे झाले आणि वर्षभरात तिची शाळा सुटली. पाळकसाहेबांना मी एवढेच सांगितले होते. सगळे सांगितले नव्हते.

बेगडेवाडी मागे पडल्यावर डोंगर जवळ येऊ लागले. लोणावळ्यात उतरून शाळेपाशी गेले. इमारत नवी झाली आहे, पण मागे राहणाऱ्या जुन्या शिपाईमामांनी मला ओळखले. संगीता माहेरच्या वाडीतच राहते, धरणाकाठी तंबूत उतरणाऱ्या पाहुण्यांसाठी स्वयंपाक करते, असे त्यांच्याकडून कळले. परतीच्या लोकलने कामशेतला आले आणि पवनानगरच्या जीपमध्ये बसले.

वाडीचे नाव मी चुकीचे सांगितले, त्यामुळे ड्रायव्हरने एक फाटा अलीकडेच उतरवले. उन्हात चालू लागले. खाचरे (बांध घातलेली भाताची शेते) कोरडी पडली होती. धरणाचे पाणी मागे हटल्याने काठाला चिखलाचा रुंद पट्टा उघडा पडला होता. पलीकडे तुंगचा सुळका. चपलेचा अंगठा तुटला तेव्हा परत फिरावे असे मनात आले, हे कबूल करते. तेवढ्यात डोक्यावर सरपणाची मोळी घेतलेली एक बाई मागून आली.

"कुनाकडं आलाय तुमी?"

संगीताचे नाव सांगताच ती म्हणाली, "चला, तितंच चाललेय."

संगीता चुलीपुढे भाकऱ्या थापत होती. केस पांढरे व्हायला लागलेले. माझ्याकडे पाहताच तिचा हात थांबला. मग तिने पाट सरकवला.

"हिकडं बसा बाई, उजव्या अंगाला. डाव्या कानानं ऐकू येत न्हाई."

मी बसले. वाटभर जुळवलेली वाक्ये आठवेनात. चुकले, मला क्षमा कर, एवढेच कसेबसे म्हणाले. तिने तव्यावरची भाकरी उलटली.

"बाई, नकाशा कुनी फाडला हुता?"

हाच तो न सांगितलेला भाग. दुसऱ्याच दिवशी दुसऱ्या एका मुलीने माझ्याकडे येऊन रडत कबुली दिली होती. मी तिला माफ केले, आणि वर्गात अवाक्षर काढले नाही. सगळ्यांपुढे स्वतःची चूक सांगायची मला लाज वाटली होती. हे मी आता संगीताला सांगितले.

ती उठली. मला वाटले, जा म्हणेल. पण तिने पडवीकडे हात केला. तिथे तिची आई वाकळेवर बसून तांदूळ निवडत होती.

"हे आईला सांगा. ती आजून म्हनती, बाई उगाच मारत न्हाईत."

मी पडवीत गेले आणि सारे पुन्हा पहिल्यापासून सांगितले. म्हातारीने सूप खाली ठेवले. माझ्याकडे तिने पाहिलेच नाही. लेकीला जवळ बोलावून तिच्या डाव्या कानावर हात ठेवला.

"मी बी हानली हुती गं तुला. मावशीनं तुला घरी आनलं, त्या दिशी."

संगीता आईच्या खांद्याला डोके टेकून बसून राहिली. तव्यावरची भाकरी करपली. मीच जाऊन ती उतरवली.

नंतर संगीताने मला जेवायला वाढले. तांदळाची भाकरी आणि धरणातल्या माशांचे कालवण. निघताना मी पुन्हा क्षमेबद्दल बोलू लागले, तेव्हा ती म्हणाली, "केली म्हनले तर तुमास्नी बरं वाटंल. पन आज मला तसं म्हनता येत न्हाई."

कामशेतहून पुण्याच्या लोकलला जागा मिळाली. खिडकीबाहेर कारखान्यांच्या भिंती पळत होत्या. एकोणतीस वर्षे मी क्षमा मागत होते ती माझ्यासाठी. त्या घराला हवे होते एक वाक्य, संगीताने काही केले नव्हते, एवढेच. ते त्या कबुलीनंतर पुढच्याच सकाळी हजेरी घेताना म्हणता आले असते. म्हणायला अर्धे मिनिटसुद्धा लागले नसते, आणि एका आईने आपल्या लेकीवर इतकी वर्षे आधीच विश्वास ठेवला असता.