कनेक्शन कमी करणारे, दार बंद न करणारे नाना

नानांच्या गौरवग्रंथाच्या समितीचा निरोप आला, "नानांच्या शांत आणि मृदू स्वभावावर लिहा." निरोप देणाऱ्यांनी नानांना कामावर कधी पाहिलेलं दिसत नाही. आदरणीय भालचंद्र नाना शांत नाहीत. ते भांडखोर आहेत, आडमुठे आहेत आणि चहा गार झाला तर त्यावरूनही वाद घालतात. साठीच्या निमित्ताने त्यांना गुळगुळीत करून मखरात बसवायचं असेल, तर ते काम समितीने दुसऱ्या कुणाला द्यावं. मी त्यांच्या हाताखाली शिकले आहे आणि मी पाहिलं तेच लिहिणार आहे.

आमची पहिली भेट मुलाखतीत झाली. मी भडगावची, जळगावात इंजिनिअरिंग करून नुकतीच बाहेर पडलेली. केळी उत्पादकांच्या आमच्या संघाला संगणक विभागात माणूस हवं होतं. रोज सकाळी संघाच्या वेबसाइटवर केळीचा भाव जाहीर होतो आणि त्याच क्षणी कापणीच्या गाड्यांची नोंदणी सुरू होते. मी पुस्तकं पाठ करून गेले होते. नानांनी माझी कागदपत्रं उघडलीसुद्धा नाहीत. मूळचे ते शिंदखेड्याचे. भडगाव ऐकल्यावर सरळ अहिराणीतच शिरले.

"घरमा मोबाइल किती शेतस?"

"पाच."

"सकाळे भाव उघडना का कोन दखस?"

"बठ्ठा," मी म्हणाले. सगळेच बघतात.

"मंग तुले काम समजनं," असं म्हणून ते उठले. मला मात्र काहीच समजलं नव्हतं. नोकरी लागली हे बाहेर आल्यावर शिपायाने सांगितलं.

नानांचं काम थोडक्यात सांगते, कारण सत्काराच्या भाषणात ते कुणी सांगणार नाही. वेबसाइटवर माणूस आला की माहितीच्या साठ्यापर्यंत, म्हणजे डेटाबेसपर्यंत, एक जोडणी लागते. तिला आम्ही कनेक्शन म्हणतो. दर वेळी नवं कनेक्शन उघडण्यात वेळ जातो. म्हणून काही कनेक्शन आधीच उघडून ठेवायची. लागेल त्याने घ्यायचं आणि काम झालं की परत करायचं. या राखीव कनेक्शनच्या संचाला पूल म्हणतात. त्यात किती कनेक्शन ठेवायची आणि ती मोकळी होईपर्यंत माणसाला किती वेळ थांबवायचं, हे ठरवणं दिसतं सोपं. चुकलं की सगळा जिल्हा तुमच्या नावाने ओरडतो.

आमचं चुकलं होतं. एका हंगामात रोज सकाळी वेबसाइट कोसळायला लागली. भाव दिसायचा, पण नोंदणीचं बटण दाबलं की पडद्यावर नुसतं चाक फिरत राहायचं. केळी कुणासाठी थांबत नाही. गाडी हुकली की घड झाडावरच पिकू लागतो आणि व्यापारी तोंड फिरवतो. शेवटी चेअरमन आबांनी बाहेरच्या एका कंपनीचे तज्ज्ञ बोलावले. त्यांनी दोन उपाय सुचवले. मोठा सर्व्हर घेऊन कनेक्शन कितीतरी पटींनी वाढवा, हा पहिला. दुसरा जास्त गोड शब्दांत आला: एकाच शेताच्या नोंदीसाठी चार-चार फोनवरून लोक येतात, ही खोटी गर्दी आहे, एका शेताला एक फोन आणि एका इंटरनेट जोडणीवरून एकच नोंद ठेवा, बाकीच्यांना अडवा. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला! आबांनी मान डोलावली. संचालकांनीही डोलावली.

नाना उभे राहिले. रागावले की ते प्रमाण मराठी विसरतात.

"त्या खोटा नही शेतस, एकज घरना भाऊ शेतस! एक शेतमा, एक सुरतले, एक पुनाले. जेनं नेट लागी, तो नोंद करी. आन यावलकडे सुमनअक्कानं गाव दखा. बठ्ठं गाव एकाच किराणा दुकानना वायफायवर नोंद करस. तुम्ही एक सोडशात, बठ्ठं गाव बाहेर राही!" सुमनअक्का म्हणजे संघाच्या जुन्या सभासद, स्वतः केळी लावणाऱ्या.

आबांनी विचारलं, "आणि उद्या परत साइट पडली तर जबाबदार कोण?"

"मी. उद्या पडनी ते परवा मी घर."

हे बोलायला सोपं नव्हतं. तेव्हा त्यांची मुलगी धुळ्याला कॉलेजात होती आणि पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला नवी नोकरी कोण देतो? पण एकदा शब्द गेला तो गेला.

दुपारी त्यांनी पूल उघडला आणि कनेक्शन वाढवण्याऐवजी पावपट केली. आम्ही हादरलो. मी म्हणाले, "नाना, आधीच पुरत नाहीयेत!" ते म्हणाले, "वजनकाट्यावर एका वेळी एक ट्रॅक्टर चढतो. दहा चढवले तर एकाचं तरी वजन होईल का?" डेटाबेसचं तसंच होत होतं. शेकडो कनेक्शन एकदम आत शिरत, एकमेकांचे पाय ओढत आणि कुणाचंच काम पुरं होत नसे. थोडीच आत सोडली तर प्रत्येकाचं काम भरभर उरकतं आणि कनेक्शन लगेच पुढच्याला मिळतं.

मग त्यांनी आमची खरी चूक बाहेर काढली. ही चूक फक्त खानदेशातलीच माणसं करू जाणोत. दारी आलेल्याला 'नंतर या' म्हणायचं नाही, असा आबांचा दंडक होता आणि आम्हाला त्यात अभिमानच वाटायचा. म्हणून कनेक्शनसाठी थांबण्याला आम्ही मर्यादाच ठेवली नव्हती. येईल तो आत, आणि बसला की बसला. कंटाळलेला माणूस पान बंद करून पुन्हा यायचा, पण त्याची आधीची मागणी तशीच ताटकळत राहायची. रांग फुगत जायची आणि शेवटी सगळंच आडवं व्हायचं.

नाना भडकले. "पाहुनाले ओटावर बसाडी ठेवानं आन पानी बी नही इचारानं, हाऊ काय पाहुनचार शे?"

त्यांनी थांबण्याला मर्यादा घातली. ती संपली की पडद्यावर स्पष्ट मराठीत लिहून येऊ लागलं, 'आत्ता गर्दी आहे, जरा थांबून पुन्हा दाबा.' आबांना ते वाक्य उद्धट वाटलं. नानांनी त्यातला एक शब्दही बदलला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाव उघडला. विभागातले आम्ही सगळे एकाच पडद्याभोवती जमलो. नोंदी पडू लागल्या, पडत राहिल्या, चाक कुठेच अडकलं नाही. नानांनी सुमनअक्कांना फोन लावला. पलीकडून अक्का एवढ्या मोठ्याने बोलल्या की आम्हा सगळ्यांना ऐकू आलं, "लागलं रे भाऊ! एकदा थांबा म्हने, मंग घेतलं. आमच्या गावातल्या साऱ्यायचं लागलं!" नाना खिडकीकडे तोंड करून चष्मा पुसत राहिले. मी तर सरळ रडले.

त्यांच्या मायेबद्दलही लिहिलंच पाहिजे. माझी मुलगी लहान असताना मी नोकरी सोडायला निघाले होते. नानांनी न विचारता आमच्या खोलीच्या छताला हूक ठोकून घेतला आणि झोळी बांधली. एका संचालकांनी विचारलं, "हे ऑफिस आहे की पाळणाघर?" नाना म्हणाले, "दोन्ही." कितीदा तरी एका हाताने झोका देत त्यांनी दुसऱ्या हाताने कोड तपासला आहे.

आता समितीला न आवडणारी गोष्ट. हा सत्कार निवृत्तीचा आहे. नाना गेले की वेबसाइट त्याच बाहेरच्या कंपनीकडे द्यायचं चाललं आहे, आणि तिच्या अटींत 'एका शेताला एक फोन' पुन्हा आलं आहे. परवा आबा नानांना हसत म्हणाले, "नाना, तुमचाच नियम आहे, काम झालं की परत करायचं. आता खुर्ची परत करा." आबांनाही नानांबद्दल प्रेम आहे, हे मला ठाऊक आहे. नानांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि एवढंच विचारलं, "काम व्हई गयं का पन, आबा?"

त्याचं उत्तर माझ्याकडे आहे. काम झालेलं नाही. संघाच्या नियमात सल्लागार नेमण्याची सोय आहे, आणि विभागातल्या आम्ही सगळ्यांनी नानांच्या नेमणुकीची मागणी सह्यांनिशी दिली आहे. ती नाकारायची असेल तर सुमनअक्कांच्या गावात जाऊन, दुकानासमोर उभं राहून नाकारा. ग्रंथात हे छापायचं नसेल तर माझं नावही छापू नका.

नाना, तुम्हाला उदंड आणि निरोगी आयुष्य लाभो. रक्तदाबाची गोळी चुकवू नका, गूळ घातलेला चहा कमी करा, भांडण मात्र मुळीच कमी करू नका. रविवारी शाल घ्या, नारळ घ्या, हारही घालून घ्या. आणि सोमवारी सकाळी कामावर या.