स्पेनवाल्या अंकलची शिकवणी

बहरीनला, मनामा शहरातल्या माहूज भागात, आमच्या बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावर एक अंकल राहायचे. आमच्याच वसईचे. मनामातल्या एका हॉटेलात हिशेब बघायचे. नव्वद सालानंतर कधीतरी त्या हॉटेलनं त्यांना ट्रेनिंगसाठी आठवडाभर स्पेनच्या समुद्रकाठच्या एका गावी पाठवलं. झालं! तेव्हापासून माणूस विमानातून खाली उतरलाच नाही. बाप्तिस्मा असो, वाढदिवस असो, लिफ्टमध्ये गाठ पडो, यांचं आपलं ‘आमच्या स्पेनमध्ये’ सुरू. आठवडाभर राहून ‘आमच्या’! मी बहरीनमध्ये इतकी वर्षं नोकरी करत होते, पण ‘आमचं बहरीन’ म्हणायची माझी छाती नव्हती.

आणि नेमकी माझ्या आईवरच स्पेनला जायची वेळ आली. माझा धाकटा भाऊ जहाजावर कुक होता. तिकडच्याच एका मुलीशी लग्न करून तो समुद्रकाठी स्थायिक झाला होता. त्याला मुलगी झाली, तेव्हा त्यानं आईला बोलावून घेतलं. लग्नाच्या आधीपासून आईनं त्याला पाहिलं नव्हतं. रोज रात्री रोझरी म्हणताना त्याचं नाव ती दोनदा घ्यायची. वसईहून ती आधी माझ्याकडे आली. थोडे दिवस राहून पुढे एकटीच जाणार होती.

ही बातमी वरच्या मजल्यावर कशी पोचली देव जाणे. शुक्रवारची, म्हणजे इथल्या सुट्टीच्या दिवसाची, मिसा आटपून आम्ही घरी येतोय, तर अंकल दारात उभे. “आईंना थोडं एटिकेट शिकवून ठेवू या. नाहीतर तिकडे पंचाईत होईल.”

बसले ते बसलेच. म्हणे, तिकडे दुपारी दुकानं बंद असतात, तेव्हा कुणाच्या दारावर जायचं नाही. अहो, मग मनामाच्या बाजारात दुपारी काय जत्रा भरते? एक वाजला की खलास, शटर खाली. आम्ही घरी येतो, मासळीभात खातो आणि चारपर्यंत आडवे होतो. म्हणे, रात्री नऊच्या आधी जेवायचं नाही. माझे यजमान शिफ्टवरून दहाला घरी यायचे, आम्ही नऊच्या आधी कुणाच्या आजोबांबरोबर जेवत होतो? म्हणे, संध्याकाळी सगळं गाव नटूनथटून समुद्रावर फिरतं. म्हटलं, अंकल, गुरुवारी रात्री कधी आपल्या कॉर्निशवर, समुद्रकाठच्या रस्त्यावर, आला आहात का? त्यांनी ऐकलंच नाही. ऐकायची सवयच नव्हती.

मग गालाला गाल लावायचा धडा झाला. आधी कुठला, मग कुठला, हे सोफ्यावरची उशी हातात धरून त्यांनी दाखवलं. साठीतला माणूस, टाय लावलेला, उशीचे मुके घेतोय! माझे यजमान पाणी प्यायच्या निमित्तानं उठून स्वयंपाकघरात गेले आणि ओट्याला धरून हसत राहिले. आई मात्र हसली नाही. पदर सावरून, शाळेत बसल्यासारखी ऐकत होती.

मग अंकलची नजर तिच्या लुगड्यावर गेली. आमच्याकडच्या जुन्या बायका नेसतात तसं लाल चौकड्यांचं लुगडं. आईला मी जन्मात दुसऱ्या कशात पाहिलं नव्हतं.

“हे तिकडे चालणार नाही हं,” अंकल म्हणाले. “सुनेची माणसं काय म्हणतील? तुमच्या मुलाला मान खाली घालावी लागेल. फ्रॉक शिवून घ्या. आणि एअरपोर्टवर आरडाओरडा नको. आपल्या लोकांना ती फार वाईट सवय. तिकडे कुणी कुणाला नावानं हाका मारत नाही. गळ्यात पडून रडायचं तर मुळीच नाही. उभं राहायचं शांत, ते आपण होऊन पुढे येतात.”

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ते गेल्यावर मी आईला म्हटलं, “याचं काय ऐकतेस? हा मेला आठवडाभर ट्रेनिंगच्या हॉलमध्ये बसून होता. तिथं कुणी कुणाला ओळखत नव्हतं, म्हणून गप्प होते सगळे!”

“असू दे गं बाय,” आई म्हणाली. “तो बघून आलाय. माझ्यापायी पोराची मान खाली जायला नको.”

हे एकच तिच्या डोक्यात बसलं. मी भांडले, रुसले, दोन दिवस अबोला धरला. शेवटी बाजारात नेऊन शिंप्याकडून तिचा निळा फ्रॉक शिवून आणला. तो घालून ती आरशासमोर उभी राहिली, तेव्हा दोन्ही हात कुठे ठेवावेत हे तिला कळेना. पदरच नव्हता ना धरायला. भावासाठी आणलेले सुके बोंबीलही तिनं बॅगेतून काढून माझ्या कपाटात ठेवले. वास येतो म्हणे, अंकल म्हणाले.

मी तिला विमानात बसवून दिलं. मध्ये विमान बदलायचं होतं, तिथं मदतीला विमान कंपनीची बाई होती. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फोन वाजला. भाऊ होता, तिकडच्या एअरपोर्टवरून.

“ताई, आई आली नाही.”

“आली नाही म्हणजे काय?”

“सगळी माणसं बाहेर पडली. मी या टोकापासून त्या टोकापर्यंत चकरा मारतोय. एक लुगडं दिसत नाही गं इथं. तू बसवलीस ना तिला नीट?”

लुगडं! माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मी किंचाळलेच, “अरे, लुगडं शोधू नकोस! निळा फ्रॉक! निळ्या फ्रॉकातली बाई बघ!”

मग तो हळू म्हणाला, “ती खांबाजवळची?”

रिसीव्हर तसाच सोडून तो पळाला. रिसीव्हर कुठेतरी आपटत, लोंबकळत राहिला असावा, कारण मला सगळं ऐकू येत होतं. “आई!” अशी त्याची हाक आली. कोळीवाड्यात ऐकू जावी अशी. मग रडणं. त्याचं की तिचं, मला सांगता येणार नाही. नाणी संपून फोन कट झाला, तरी मी इकडे माहूजला रिसीव्हर कानाला लावून बसून होते.

उन्हाळा सरल्यावर आई परत आली, ती लाल लुगड्यात. फ्रॉकचं तिथं काय झालं विचारलं, तर म्हणाली, सुनेनं त्याचं बाळीला झबलं शिवलं. विहीणबाई म्हणे गॅलरीतून मासेवाल्याला अशा हाका मारतात की आपल्या बाजारातल्या कोळणी गप्प बसाव्यात. पहिल्याच भेटीत गळ्यात पडून ढसाढसा रडल्या. सुकी मासळी तर त्यांच्याच घरात टांगलेली होती.

संध्याकाळी अंकल आले. त्यांना चहा दिला. ऐटीत विचारलं त्यांनी, “काय आई, माझ्या टिप्स उपयोगी पडल्या की नाही?”

आईनं पदर सारखा केला. तिच्या आवाजात राग नव्हता, तेच मला सहन होत नव्हतं. “पडल्या की भाऊ. तुम्ही सांगितलं तसंच केलं. पोरगा समोरून गेला, अगदी हाताच्या अंतरावरून. एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला. माझ्याकडे बघितलं आणि पुढे गेला. वाळलाय, केस पांढरे झालेत, मी लगेच ओळखलं. हाक तोंडापर्यंत आली होती. पण तुम्ही म्हणाला होता ना, तिकडे मारत नाहीत. नाही मारली.”

अंकलनी चहाचा घोट घेतला आणि मान डोलावली. “व्हेरी गुड. तसंच करायचं असतं.”

मी पुढे झाले आणि त्यांच्या हातातला कप काढून घेतला. चहा अजून अर्धा होता.