बायकोची गाठ आन माही पारख

धानाची पारख आमच्या गावात माह्याइतकी कोणालेच नाई. मागच्या साली निंदणात मी करगा म्हणून जे उपटलं ते सारं धान निघालं, आन बांधीत डौलात उभा राह्यला तो करगा. करगा म्हणजे रानधान. लहान असते तवा धानासारखाच दिसते. लोंबी निसवल्यावर समजते, पण तवापर्यंत त्याचे दाणे झडून खाली पडले असतात.

बायकोच्या छातीत गाठ लागली, तं तिनं पंधरा दिवस मले सांगतलंच नाई. मी गावभर बोंबलतो, तिले माहीत. मंग चंद्रपूरच्या दवाखान्यात सुईनं तुकडा काढला. रिपोर्टच्या दिवशी डाक्टरीनबाई म्हणाल्या, "कॅन्सर दिसला नाही, पण..."

मी 'पण'पर्यंत थांबलोच नाई. बाहेर येऊन साळ्याले फोन लावला, जावयाले लावला, गेटवरच्या गार्डले चहा पाजला. वापस आत गेलो तं बायको तशीच बसून, पदराचं टोक बोटाले गुंडाळून राह्यली होती.

डाक्टरीनबाईनं माह्यासाठी पुन्हा सांगतलं. पेशी कॅन्सरच्या नाईत, पण साध्या बी नाईत. सुईत जरासाच तुकडा येते, बाकीच्या गाठीत काय लपलं ते कोण सांगन? काही गाठींवर नुसती नजर ठेवली तरी चालते, पण हिची पुरी काढून तपासलेली बरी.

चिरा तिले पडणार, भेव मले. तरी मी शहाणपणा केलाच. म्हणलं, बाई, धान कापणं होऊ द्या, तवरिक मी हात लावून पाहत जाईन, बदलली तं मले समजनच. डाक्टरीनबाईनं कागदात तोंड घातलं. बायकोनं फक्त इचारलं का निंदाले कवापासून जाता येईन. मंग सही तिनंच केली. मले आंगठाच येते.

गाठ निघाली. पुऱ्या गाठीत कॅन्सर नाई निघाला. पण दर साली तपासाले या म्हणाले.

घरी येऊन मी खाटेवर पसरलो आन म्हणलं, "मी म्हणलंच होतं, काई नाई म्हणून. आता दर साली कायले जाचं?"

बायको चुलीपासून उठली बी नाई.

"तुमाले धान आन करगा ओळखू येत नाई, माह्या छातीतलं काय ओळखता? उठा, म्हशीले पाणी दाखवा."