सेटिंग विसरणारी पेटी

स्पीकर मी घरीच बनवले होते. खोकी सुताराकडून सागवानी करून घेतली, आणि बारीक आवाजाचे दोन ट्विटर थोरल्या भावाने आखातातून आणले, शर्टात गुंडाळून, विमानात मांडीवर घेऊन. तसले ट्विटर बीडमध्ये कुणी पाहिलेही नव्हते. आता दादा पुन्हा सुट्टीवर यायचा होता आणि त्याला त्या स्पीकरवर एकच गोष्ट ऐकायची होती. तिकडे फोन महाग पडायचा म्हणून आईने एकदा घरच्या गप्पा टेप करून त्याला पाठवल्या होत्या, ती कॅसेट. आई गेली तेव्हा त्याला येता आलं नव्हतं.

जाड आवाज मोठ्या स्पीकरला आणि बारीक ट्विटरला वाटून देतो तो क्रॉसओव्हर. माझा मी तारेची वेटोळी घालून केलेला, त्यातून बोलणारा माणूस दोन तोंडांनी बोलल्यासारखा वाटे. आईचा आवाज असा फाटका ऐकवायचा? मला ते सोसलं नसतं.

लग्नात साउंड लावणाऱ्या मित्राने दोन डिजिटल क्रॉसओव्हर आणून दिले. म्हणाला, "दोनी ठेवा सर. कानाला बरा लागंल त्यो घ्या, घाई न्हाई." एकाला निळा पडदा आणि ढीगभर बटणं, दुसरी पेटी दिसायला अगदीच गरीब. मी अर्थातच पडद्यावर भाळलो. रेडिओवरची बातम्यांची बाई एका तोंडाने बोलू लागली. त्या खुशीत रेडिओ तसाच चालू ठेवून मी शाळेत गेलो.

दुपारी शाळेच्या फोनवर मित्र. "सर, एक सांगायचं ऱ्हायलं. ती पडदावाली पेटी लाईट गेली की समदं सेटिंग इसरती. मंग जाड आवाज बी ट्विटरला जातो अन् ट्विटर जळतो."

लाईट तर कधीच गेली होती. मुख्याध्यापकांना काहीतरी थाप मारून सायकल हाणली. वाटेत पिठाची गिरणी घरघरू लागली, म्हणजे लाईट आली होती. आता दादाला काय तोंड दाखवू, एवढंच डोक्यात होतं.

घरात मात्र सगळं शांत. बायको शेंगा फोडत बसलेली.

"लाईट गेली की बटणं बंद करायचीच की. येताना दाबानं येती, टीव्ही जातोय. तुमच्या पेटीला कावून सोडू?"

मी उंबऱ्यातच बसलो आणि हसत सुटलो. इतकं हलकं मला कितीतरी दिवसांत वाटलं नव्हतं.

मग ती गरीब पेटी जोडायला बसलो. आवाज तिलाही जमला. मुद्दाम प्लग काढ, घाल, असं करून पाहिलं. ती काही विसरली नाही. तीच ठेवली.

दादा आला, कॅसेट लावली. आई म्हशीचं सांगत होती, शेजारणीचं सांगत होती, एकाच तोंडाने. दादा मान खाली घालून बसलेला. मध्येच लाईट गेली, आईचा आवाज लोळत थांबला. बायको सवयीने बटणांकडे निघाली.

"टीव्हीचं तेवढं बंद कर," मी म्हटलं, "हे राहू दे."

कॅसेटचं बटण दाबलेलंच होतं. लाईट आली, टेप फिरू लागली आणि आई म्हणाली, "ऐकायलास ना रे?"

"ऐकायलो, आई," दादा म्हणाला.